बाभळीच्या खालच्या अंगाला

माझ्या नातीला कुणाकडं जायचं असलं की ती आधी मोबाइलवर लोकेशन मागवते. मग त्यातली बाई सांगेल तशी वळत वळत बरोबर त्या दाराशी जाऊन उभी राहते. मी म्हणते, बाई गं, यात तुझी अक्कल कुठं लागली? आमच्या वेळी जागा धरायची म्हणजे पाय लागायचे, डोळे लागायचे, मातीला हात लावून बघावं लागायचं, आणि एवढं करूनही चुकायचं ते चुकायचंच. मी चुकले होते. अशी चुकले होते की वैरागच्या अलीकडच्या तीन-चार गावांत माझ्या चुकीची गोष्ट लोक पुढं कैक वर्षं चहाबरोबर सांगायचे. आता गुडघे गेलेत, सोलापुरात लेकाच्या तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टाकून बसते आणि खालचा रस्ता बघते. रस्ता दिसला की पाय आपोआप हलतात. सून विचारते, "काय होतंय का, आत्या?" आता हिला काय सांगू!

आम्ही माळशिरसकडच्या कोरड्या माळावरचे धनगर. शिमगा झाला की आमच्याकडं प्यायला पाणी उरायचं नाही, मग मेंढरांनी काय करायचं? म्हणून आबा दीड-दोनशे मेंढरं घेऊन उगवतीकडं निघायचे ते पावसाच्या तोंडावरच परत फिरायचे. सोबत आय, मी आणि माझा चुलतभाऊ म्हाळू. घर म्हणाल तर पाखरी नावाच्या आमच्या घोडीच्या पाठीवर. पाल, तवा, जातं, पिठाची पिशवी, गोधड्या, सगळं तिच्यावर, आणि सगळ्यांवर पालथं डालगं, त्यात दोन कोंबड्या. दोन्ही बाजूंच्या झोळ्यांतून नुकत्या जन्मलेल्या कोकरांची मुंडकी बाहेर डोकवायची. रस्त्यानं जाताना शाळेतली पोरं आम्हाला हसायची आणि मी त्या कोकरांकडं बोट दाखवून म्हणायची, "हसा की! तुमाला हाय का अशी बसायला गाडी?"

दिवसभर मेंढरं आबा आणि म्हाळूबरोबर चरत चरत यायची. बायका मात्र घोडी घेऊन पुढं निघायच्या, कारण संध्याकाळच्या आत जागा धरून, पाल ठोकून, चूल पेटलेली पाहिजे. तीन दगडांची चूल. भाकरी थापल्याचा तो थप थप आवाज, लसणाची लाल चटणी, मेंढीच्या दुधाचा चहा, एवढा दाट की वर साय धरायची. थकवा फार असला तर आय हुलग्याचं माडगं करायची. हुलगे भाजून दळलेलं पीठ, गूळ, पाणी, रटरट शिजवायचं आणि वाटीला तोंड लावून प्यायचं. मग मेंढरं आली की कोकरं सोडायची. ती पाच मिनिटं जन्मात विसरणार नाही. दीडशे मेंढरं ओरडतायत, साठ-सत्तर कोकरं ओरडतायत, धूळ, धावाधाव, आणि बघता बघता प्रत्येक कोकरू आपल्या आईच्या पोटाखाली जाऊन शेपूट हलवतंय. एकदम शांत. आय त्या वेळी भाकरी थापायची थांबायची आणि उगीच तिकडं बघत राहायची.

वाटेत कुर्डुवाडीच्या जवळ रेल्वेचा रूळ ओलांडावा लागायचा. आमची पुढारी मेंढी, नाव तिचं बाकी, फार शहाणी, पण चकाकता रूळ दिसला की चारी पाय रोवून उभी. ती थांबली की सगळं खांड, म्हणजे आख्खा कळप, थांबणार. फाटकावरचा माणूस शिट्ट्या फुंकतोय, "अहो पाव्हणं, गाडीची येळ झाली!" आबा ढकलतायत, म्हाळू शेपट्या पिळतोय. आय शांतपणे पुढं जायची, पदरात माती भरायची आणि रुळावर टाकायची. रूळ झाकला की बाकी टुणकन पलीकडं. दर वर्षी असंच, आणि दर वर्षी आबा आधी ढकलूनच बघायचे. मागून गाडी धडधडत जायची, खिडक्यांतली माणसं आम्हाला बघायची, आम्ही त्यांना. मला त्यांचं नवल वाटायचं, इतके लांब जातात आणि एकाही गावाच्या मातीला पाय लावत नाहीत.

आता मेंढरं बसवणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्वारी निघून गेल्यावर रान मोकळं पडतं. त्यात रात्रभर मेंढरं बसली की लेंड्या आणि मूत पडतो, आणि त्यासारखं खत दुसरं नाही. म्हणून शेतकरी आधीपासून सांगून ठेवायचे, आमच्या रानात इतक्या राती बसवा, आणि त्याबदली ज्वारी द्यायचे. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. आबांचा आख्खा उन्हाळा अशा शब्दांनी बांधलेला असायचा. इथं तीन राती, पुढच्या गावात दोन राती, कुणाचा एक दिवस इकडचा तिकडं चालायचा नाही. एका गावात शब्द मोडला तर ती बातमी आमच्या आधी पुढच्या गावात पोचायची.

त्या साली मी चौदा-पंधराची असेन. आय पायात काटा मोडून लंगडत होती, म्हणून आबांनी पहिल्यांदा जागा धरायचं काम माझ्याकडं दिलं. म्हाळूचं तोंड एवढंसं झालं. त्याला वाटत होतं, ते काम त्याचं. मी मात्र पाखरीचा लगाम धरून अशी चालत होते, जसं काही सगळा मुलूख माझ्या बापाचा. वैरागच्या अलीकडं एक गाव होतं, तिथं नाना म्हणून शेतकरी. त्यांचा धाकटा भाऊ तात्या. दोघांचं एकत्र रान, काळंभोर, पाय टाकला तर टाच रुतेल असं. शब्द ठरवायला आबा शिमग्याच्या आधीच एकदा येऊन गेले होते, तेव्हा वैरागच्या बाजारात नाना भेटले आणि म्हणाले होते, "बाभळीच्या खालच्या अंगाला बसवा, तीन राती." आबांनी मला तेच सांगितलं, "हिरे, बाभळीच्या खालच्या अंगाला. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?" मी म्हटलं, "मी काय म्हाळू हाय का?"

पोचले तर बाभळच नाही! आख्ख्या रानात एवढं थोरलं एकच झाड होतं, दहा कोसांवरून दिसायचं, आणि आता नुसतं आभाळ. मी डोळे चोळले. वाटलं, रान चुकले. पण तेवढ्यात मला आमच्या चुलीचे दगड दिसले. आम्ही जाताना चुलीचे तीन दगड तसेच ठेवून जातो, पुढच्या सालासाठी. तेच ते काळे झालेले तीन दगड, एकाला चीर गेलेली. म्हटलं, झालं, जागा सापडली. जवळून एक नवा गुडघाभर बांध गेला होता, तो पाणी अडवायला घातला असेल असं मला वाटलं. आयला दगड दाखवले, तीही म्हणाली, "व्हय की, हीच." मी जागा धरल्याची मेख ठोकली. दिवस मावळायला डोक्यावर पदर घेतलेली तात्यांची मालकीण पारूकाकू तांब्याभर ताक देऊन गेली, गालात हसत. आम्हाला काय ठाऊक, ती का हसते ते!

सकाळी आबा मेंढ्या पिळत होते तर नाना समोर उभे. पटक्याचा शेव हातात, डोळे लाल. "काय रं धनगरा, शब्द मला दिला आन् मेंढरं कुणाच्या रानात बसवली?" आबांनी इकडं तिकडं बघितलं. "मालक, तुमच्याच की." "माझं रान बांधाच्या पल्याड! ह्ये तात्याचं हाय!" मग हळूहळू सगळं उलगडलं. दिवाळीनंतर भाऊ वाटून निघाले होते. घरातलं भांडण बाहेरच्या माणसाला कशाला सांगायचं, म्हणून नाना बाजारात काही बोलले नव्हते. नुसतं "खालच्या अंगाला" म्हणाले. वाटणीत वरचं रान तात्यांना, खालचं नानांना, आणि बाभळ नेमकी बांधावर आली. ती कुणाची यावरून एवढी जुंपली की गुढीपाडव्याच्या तोंडावर दोघांनी मिळून ती तोडली. बाकी कशात एकमत नाही, पण कुऱ्हाड चालवायला दोघं एकत्र! निम्म्या फांद्या याच्या दारात, निम्म्या त्याच्या दारात, शेंगांसकट. आणि आमची चूल गेल्या साली होती वरच्या अंगाला.

तात्या थोडं बाजूला, आपल्याच रानात, मजा बघत उभे होते. त्यांनी संध्याकाळीच ओळखलं होतं, पण फुकटचं खत कोण नाकारतो? भावाशी बोलायचं नाही म्हणून ते आबांना सांगत होते, "पाव्हणं, म्हणावं रानात पडलेलं खत काय उचलून देऊ का?" नानाही आबांनाच सांगत होते, "म्हणावं दे की उचलून, एकेक लेंडी!" दोघांच्या मध्ये दहा पावलं. आबा बिचारे मान इकडून तिकडं वळवत होते. मला एरवी हसू फुटलं असतं. पण नाना पुढं म्हणाले, "पुढल्या तिन्ही गावांत माझे सोयरे हायती. सांगतो त्यांस्नी, ह्या धनगराच्या शब्दाला काय किंमत न्हाय," आणि आबांचा चेहरा उतरला. ती तीन गावं गेली म्हणजे आमचा आख्खा उन्हाळा गेला. मेंढरं घेऊन जायचं कुठं?

नाना गेल्यावर आबा एका मेंढीचा पाय धरून बसले. ते माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते मेंढीच्या पायातला काटा काढत म्हणाले, "हिरे, पुढल्या साली तू घरीच ऱ्हा आत्तीपाशी. जागा म्हाळू धरील." बस. म्हाळूसुद्धा हसला नाही, एवढं मला लागलेलं त्याला दिसलं असणार. आत्ती म्हणजे आबांची बहीण, तिच्यापाशी राहायचं म्हणजे माळावर चार भिंतींत बसून उन्हाळाभर शेण थापायचं आणि मग लग्न. रस्ता संपला. रूळ नाही, वैराग नाही, नव्या गावची नवी विहीर नाही. मी पाखरीच्या मानेत तोंड घातलं आणि मनसोक्त रडले. घोडीला बरं असतं, ती काही विचारत नाही.

दुपारी आबा मिटवायला म्हणून गेले. भाऊ आपापल्या हद्दीत बसले, आबा बांधावर. आबांचं म्हणणं, आता उरलेल्या दोन राती नानांच्या रानात बसवतो. तात्या म्हणाले, "म्हणजे त्याला दोन आन् मला एक? वाटणी सारखी झाल्ये, खतबी सारखं पायजे." नाना म्हणाले, "माझा शब्द तीन रातींचा." आबा म्हणाले, "मालक, परवाच्याला मला पुढल्या गावात पोचायलाच पायजे, तितं बी शब्द दिलाय." पुन्हा तेच, पुन्हा पहिल्यापासून. मी पाण्याची घागर घेऊन मागं उभी होते. ऊन डोक्यात गेलं होतं की रडू सुकलं होतं कोण जाणे, मी एकदम ओरडले, "मेंढरांना बांध कळत न्हाय की ओ! बांधच मधी घ्या आन् वाघर मारा, दोन्ही राती. निम्मी हिकडं, निम्मी तिकडं. आन् पयल्या रातीचं खत माझ्या नावावर मांडा, चुकले ती मी!"

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची आमची जाळी. मोठ्या माणसांत पोरीनं तोंड घातलं म्हणून आबा उठले, मला वाटलं आता एक ठेवून देतात. तर नानाच म्हणाले, "पोरगी न्यायाचं बोलतीया." आणि तात्यांनी मान डोलावली. आबा तसेच खाली बसले. नानांना आपण तात्यांशी सहमत झालो हे कळलं तेव्हा ते जरा चपापले, पण शब्द निघून गेला होता.

संध्याकाळी वाघर लावली, बांध बरोबर मध्ये. दोघे भाऊ आपापल्या बाजूला हात बांधून उभे, सारखी वाटणी होते की नाही बघायला. आणि आमच्या मेंढरांनी काय करावं? बांध नवा, माती भुसभुशीत, जागा उंच. आमची पुढारी बाकी चढली बांधावर आणि बसली फतकल मारून. तिच्यामागं दुसरी, तिसरी. बघता बघता सगळं खांड बांधावर आणि बांधाच्या कडेला दाटीवाटीनं, आणि दोन्ही रानं मोकळीच्या मोकळी! म्हाळू हाकलतोय, आबा हाकलतायत, इकडून हाकललं की तिकडून वर. नानांनी स्वतः पटका सोडून हलवला. तात्यांनी पलीकडून "हुर्रर्र" केलं तर मेंढरं नानांकडं गेली, नाना ओरडले, "आरं तुज्या बाजूला घे की निम्मी!" आणि हातातला पटका हवेत तसाच राहिला. सहा महिन्यांत भांडण सोडून भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तात्यांनीही न कळत उत्तर दिलं, "घेतोय की दादा, पर ऐकत्यात कुटं!" मग दोघं एकमेकांकडं बघत राहिले, आणि तात्यांना जे हसू सुटलं! बसले ते ढेकळांत. नाना आधी मिशी चावत होते, मग तेही. आयनं मला चिमटा काढला, हसू नको म्हणून, आणि स्वतः पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी बायकांचंही सुटलं. खरं सांगायचं तर त्यांचं कधी तुटलंच नव्हतं. पारूकाकू मागल्या वाटेनं येऊन आयला विचारायची, "थोरल्या जाऊबाईंची कंबर कशी हाय वो? तुमी गेला तर बगा." आणि नानांची मालकीण पुढच्या वाटेनं येऊन म्हणायची, "पारूला सांगा, लोणचं घालताना मीठ कमी टाकती ती." आयनं दुपारपर्यंत निरोप पोचवले, मग वैतागली. तिनं बांधावर चूल मांडली, त्याच तीन दगडांची, माडगं चढवलं आणि दोघींना एकाच वेळी बोलावलं. "माझा पाय दुखतोय. आता तुमचं तुमी बोला," म्हणाली. दोघी वाटीत तोंड घालून माडगं प्यायल्या आणि मग जे बोलायला लागल्या ते दिवस कलला तरी थांबेनात. त्याच संध्याकाळी दोघी आपापल्या दारातल्या फांद्यांच्या शेंगा पाट्या भरभरून घेऊन आल्या. मेंढरांना बाभळीच्या शेंगा म्हणजे पेढे. दोन्ही घरच्या शेंगा एकत्र सांडल्या, मेंढरांनी कडाकडा फोडल्या, आणि रवंथ करत पुन्हा जाऊन बसली बांधावरच.

निघताना नानांनी आबांना ज्वारी दिली, तात्यांनीही दिली. आबा घेईनात. नाना म्हणाले, "घे रं. सोयऱ्यांकडं निरोप गेलाय, चांगल्या शब्दाचा माणूस येतोय म्हणून. पर एक सांगतो. पुढल्या साली जागा धराया हीच पोर पाठवायची. न्हायतर येऊ नकोस." आबांनी ज्वारी पाखरीवर लादली. चार-पाच मैल चाललो. मग त्यांनी जागा धरायची मेख माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "धर. फुडं जा, ऊन चढतंय." मी पाखरीला अशी पळवली की डालग्यातल्या कोंबड्या रस्ताभर बोंबलत होत्या.

लोक म्हणतात, फिरणारा माणूस गावाला शहाणपण देऊन जातो. आम्ही कुठलं शहाणपण देणार? आम्ही लेंड्या दिल्या. आणि गावांनी आम्हाला जे दिलं ते मोजायला माझ्याकडं माप नाही. आबा त्या सालापासून काही ठरवायचं असलं की आधी माझ्याकडं बघायचे. सगळ्यांच्या देखत नाही, जरा तिरक्या नजरेनं, पण बघायचे. माळावरच्या धनगराला हे किती जड गेलं असेल ते आता मला, नातवंडं झाल्यावर, कळतं. तेव्हा मला वाटायचं, असंच असतं.

पुढच्या साली शिमग्यानंतर मी पुन्हा त्या रानात एकटी पुढं पोचले. आय मागून येत होती. लांबूनच बांधावर काहीतरी वेगळं दिसलं. जवळ गेले. मांडीएवढं उंच बाभळीचं रोप. लावलेलं नव्हतं कुणी. मेंढरांच्या पोटातून आलेल्या बिया पावसात उगवतात, ते आम्हा धनगरांना काही नवं नाही. नवं होतं ते कुंपण. रोपाला काट्यांचं गोल कुंपण केलेलं, पण निम्मं बोरीच्या काट्यांचं आणि निम्मं हिवराच्या. बोरी नानांच्या रानात, हिवर तात्यांच्या. दोघांनी आपापली अर्धी बाजू राखली होती, आणि मध्ये जोड एवढी घट्ट बांधली होती की बोट जाणार नाही. पारूकाकू घागर घेऊन आलीच. मी विचारलं, "पाणी कोण घालतं गं?" म्हणाली, "आज मी. उद्या जाऊबाई." "आन् झाड कुणाचं?" ती हसली. "मेंढरांचं की."

मी तिथंच बसून राहिले, पाखरीचा लगाम हातात. दिवस मावळताना मेंढरांची धूळ दिसली. आबा पुढं चालत आले, घाम पुसला, रोप बघितलं, कुंपण बघितलं, बराच वेळ बघितलं. मग नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारलं, "जागा कुटं धरलीस, हिरे?"

म्हटलं, "बाभळीच्या दोन्ही अंगाला, आबा."